नावाची मुदत

आई रोज सकाळी एकच प्रश्न विचारायची, आणि तोही चहाचा कप खाली ठेवता ठेवता, जणू कपालाच विचारते आहे अशा आवाजात.

"ते चालू आहे ना गं?"

"चालू आहे," रफूताई म्हणायची.

मग आई कप विसळायला घ्यायची आणि दिवस सुरू व्हायचा. तिसऱ्या कुणी हे ऐकलं असतं तर त्याला वाटलं असतं, म्हातारी पाण्याच्या पंपाबद्दल विचारते आहे. पण 'ते' म्हणजे उसवलंय डॉट कॉम, आणि त्याच्या आडून आणखी कुणीतरी, ज्याचा विषय या घरात काढायचा नाही असं न ठरवताच ठरून गेलं होतं.

*

उसवलंय डॉट कॉम. पान पहिलं. आमच्याविषयी.

*इथे फाटक्या कपड्यांबद्दल लिहिलेलं असतं. दर खेपेला एकच कपडा आणि एकच फाटलेली जागा. कपडा कुणाचा ते आम्ही सांगत नाही. फाटला कसा ते सांगतो, कारण ते गिऱ्हाईक आपणहून बोलतं, विचारावं लागत नाही.*

*

दुकान म्हणजे खालच्या मजल्यावरची रस्त्याकडे तोंड केलेली एक खोली. वर दोन खोल्या, त्यात आई आणि ती. खिडकीपाशी टेबल, टेबलावर मान वाकवलेला दिवा आणि भिंग. रफूताईचं काम असं, की कपड्याच्या आतल्या शिवणीत, जिथे कुणाची नजर जात नाही तिथून त्याच कापडाचे धागे उपसायचे, आणि फाटल्या जागी एक वरून एक खालून असं विणत जायचं, इतकं की कापडाला स्वतःलाच आठवू नये आपण कुठे फाटलो होतो. खांद्याला रग लागते, डोळे चुरचुरतात, आणि काम नीट झालं तर दिसत नाही. गिऱ्हाईक कोट उजेडात धरतं, उलटंपालटं करतं आणि म्हणतं, "कुठे होतं हो ताई?" हीच शाबासकी.

दिसत नाही अशा कामाची जाहिरात करायची कशी, हा प्रश्न धाकट्याला पडला होता. धाकटा म्हणजे तिचा भाऊ. घरात भावंडं दोनच, तरी त्याला सगळे धाकटाच म्हणत. तो म्हणाला, "ताई, तू बोलतेस तसं लिही. फोटो मी काढतो. ब्लॉग करू."

नाव शोधायला दोघं एक अख्खी दुपार बसली होती. रफू घेतलेलं. सुईदोरा घेतलेलं. टाका, धागा, ठिगळ, सगळं कुणी ना कुणी आधीच घेऊन ठेवलेलं. धाकटा एकेक नाव टाइप करायचा आणि पडदा तोंड वाकडं करायचा. शेवटी रफूताई वैतागून म्हणाली, "तुझं चालू दे. मला काम आहे. हा शर्ट बघ, कालच दिला आणि आज पुन्हा उसवलंय."

धाकट्याने ते टाइप केलं. मोकळं होतं.

"हे विकत मिळत नाही बरं का ताई," तो म्हणाला. "भाड्याने मिळतं. दरवर्षी मुदत वाढवायची. नाही वाढवली तर गेलं."

"मग तूच बघ ते. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

म्हणून नाव त्याच्या नावावर.

*

ब्लॉगवरची सगळ्यांत जुनी नोंद अशी आहे. ती कुणी काढली नाही.

*चाचणी. ताई, दिसतंय का?*

खाली एकच प्रतिक्रिया:

*दिसतंय. खाली ये, चहा झालाय.*

*

नाव पसरलं. म्हणजे रफूताई पसरली नाही, ती टेबलापाशीच, नाव पसरलं. कुणी लांबच्या गावाहून खोक्यात स्वेटर पाठवी, आत चिठ्ठी: 'तुमचं वाचतो. हे आमचं.' दुकानाच्या काचेवर तेच नाव रंगवलं. कपड्याला टाचणीने लावायच्या कागदावर तेच. लोक एकमेकांना सांगताना दुकानाचा रस्ता सांगत नसत, तेवढं नाव सांगत. रस्ता त्यातून सापडे.

आणि मग धाकट्याने घरात सांगितलं की त्याला लग्न करायचंय. ती त्याच्याहून मोठी होती, नवरा वारलेला, पदरात चार वर्षांची मुलगी.

आई म्हणाली, "त्या बाईशी लग्न करायचं असेल तर या दारात पुन्हा पाऊल टाकायचं नाही."

आता, आई रागात काय वाटेल ते बोलते हे घरात सगळ्यांना ठाऊक. दहा मिनिटांत तिने त्याच्यासाठी पान वाढलं होतं. पण धाकटा पडला यंत्रांतला माणूस. जे लिहिलंय तेच चालवायचं, मनात काय होतं ते यंत्राने ओळखायचं नसतं. त्याने बॅग भरली आणि गेला. नंतर शहर बदललं, फोन बदलला. आईचा शब्द त्याने इतका पाळला, इतका पाळला, की आई त्याच्या आज्ञाधारकपणाला मनातल्या मनात शिव्या घालू लागली.

ब्लॉगचा मात्र त्या वाक्यात उल्लेख नव्हता.

*

म्हणून दरवर्षी, थंडी पडायला लागली की, नावाची मुदत संपायच्या सुमारास, घरात दोघी जपून वागायच्या. आई भांडी कमी वाजवायची.

"ते चालू आहे ना?"

"अजून आहे."

"उद्या?"

"उद्या कळेल."

आणि उद्या उजाडला की पान उघडायचं. तसंच. त्याने भरलं. आई काही म्हणायची नाही, पण त्या दिवशी चहात साखर जास्त पडायची. एकदाच, खूप वर्षांपूर्वी, ती भिंतीकडे बघून म्हणाली होती, "म्हणजे बरा आहे."

*

*या नावाची मुदत संपली आहे.*
*आपण या नावाचे मालक असल्यास येथे प्रवेश करा.*

आणि त्याखाली गाद्यांची जाहिरात. त्याखाली केस गळण्यावरच्या तेलाची.

रफूताईने पान बंद केलं, पुन्हा उघडलं. गाद्याच होत्या.

वरून आई कप घेऊन जिन्यात आली. "ते चालू आहे ना गं?"

"चालू आहे," रफूताई म्हणाली.

*

रस्त्यापलीकडे झेरॉक्सवाली होती. तिच्या दुकानात लोक अर्ज भरून घ्यायला यायचे. ती आधी त्यांना झापायची, मग अर्ज भरायची. रफूताईशी तिची जुनी गट्टी, त्यामुळे झापणं जरा जास्त.

"नाव कुणाच्या नावावर आहे?"

"धाकट्याच्या."

"पासवर्ड?"

"त्याच्याकडे."

"आणि धाकटा?"

रफूताईने पिशवीचे बंद सारखे केले.

"छान," झेरॉक्सवाली म्हणाली. "म्हणजे लिहायचं तू, वाचायचं जगाने, आणि किल्ली त्याच्या खिशात. हे बघ, तुझं लिखाण कुठे गेलेलं नाही. ते जिथे ठेवलंय तिथे सुखरूप आहे. पण तिथे जायचा पत्ता त्याचा आहे. लोकांना पत्ताच माहीत, घर कुणी बघितलंय?"

"तो दरवर्षी भरतो गं. कधी चुकला नाही."

"तो कशाला भरतोय? कार्डातून आपोआप जातं. एकदा खूण करून ठेवली की मशीन दरवर्षी कापून घेतं. माणूस झोपलेला असला तरी जातं, आणि..."

ती तिथेच थांबली. तिच्या मनातला पुढचा शब्द दोघींनाही ऐकू आला.

रफूताई स्टुलावर बसली. इतक्या थंड्या, इतक्या साखरेच्या सकाळी, आणि पलीकडे कुणी नसेलही. नुसतं मशीन.

"मग या वर्षी का नाही गेलं?"

"कार्ड संपलं असेल. कार्डालाही मुदत असते. नाहीतर त्याने खूण काढून टाकली असेल. मला काय माहीत, मी काय त्याची बायको आहे?" मग तिचा आवाज जरा उतरला. "ऐक. आता महिनाभर फक्त तोच ते परत घेऊ शकतो. पुढचा महिना पण त्याचाच, पण दंड भरून. त्यानंतर नाव सुटतं, आणि सुटलं की जो आधी पकडेल त्याचं. असल्या चालत्या नावांवर डोळा ठेवून बसलेले लोक असतात. माणसं सवयीने येतात ना तिथे. उद्या तुझ्या स्वेटरांच्या जागी जुगाराची चाकं फिरतील."

"आपण आधी पकडलं तर?"

"तेच तर म्हणतेय. आजच नोंदवून ठेवू. सुटल्या क्षणी तुझं."

"थांब जरा," रफूताई म्हणाली.

"का?"

का, ते तिला धड सांगता आलं नाही. ते असं होतं: नाव एकदा आपलं झालं की ते कायम चालू राहणार, कारण चालू ठेवणाऱ्या आपणच. मग आईने 'चालू आहे ना' म्हणून विचारलं काय आणि पंपाबद्दल विचारलं काय, सारखंच. त्या नावातून जे काही येत होतं, खरं असो की मशीनचं असो, ते यायची वाटच आपल्या हाताने बुजणार.

"नवीन नाव घे मग," झेरॉक्सवाली म्हणाली. "शेवट बदलून मिळतंय. डॉट नेट."

"नको."

"तुम्ही दोघी मायलेकी म्हणजे ना," झेरॉक्सवाली म्हणाली, आणि चावायला पेनाचं टोपण शोधू लागली.

*

पण एक गोष्ट तिने दाखवली. नावाच्या मालकाचा ठावठिकाणा पडद्यावर झाकलेला असला, तरी तिथेच एक खिडकी होती. त्यातून मालकाला निरोप पाठवता येत होता. तो कुठे जातो ते आपल्याला दिसत नाही.

*निरोपाचे कारण निवडा:*
*नाव विकत घेण्याची चौकशी*
*गैरवापराची तक्रार*
*कायदेशीर नोटीस*
*तांत्रिक अडचण*

"यात आपलं कुठलं?" रफूताईने विचारलं.

"यात आपलं काही नसतं. जवळचं निवडायचं."

तिने तांत्रिक अडचण निवडलं.

*धाकट्या,*

पुसलं. असं सुरू केलं तर थांबता येणार नाही.

*तू गेल्यावर इथे सगळं*

पुसलं. रडगाणं.

*तुझी तब्येत कशी आहे? आम्ही दोघी बऱ्या आहोत. आईचा गुडघा*

पुसलं. गुडघ्याचं ऐकून त्याला वाटेल, आपल्याला बोलावून घ्यायला गुडघा पुढे केलाय.

*मशीनने भरत होतास की*

झेरॉक्सवालीने हे वाचायच्या आत पुसलं.

शेवटी जे गेलं ते असं:

*साइट बंद आहे. आई रोज विचारते.*

*आपला निरोप मालकाकडे पाठवण्यात आला आहे. मालक उत्तर देण्यास बांधील नाहीत.*

*

उत्तर आलं नाही. पहिला महिना गेला. रोज सकाळी आई विचारायची आणि रोज रफूताई चालू आहे म्हणायची. दंडाचा महिना लागला.

मग एक दिवस गाण्याचे मास्तर कोट घेऊन आले. आई त्या वेळी खाली होती, मोठ्या डब्यातली बटणं रंगावारी लावत बसली होती. तिचं आवडतं काम. डोळ्यांना झेपतं आणि कुणी घाई करत नाही.

"बाही जळलीय," मास्तर म्हणाले. "सिगारेटने. माझ्या नाही. माझ्या कोटाने सिगारेट सोडून वीस वर्षं झाली." मग इकडेतिकडे बघत: "ताई, तुमची ती साइट कुठे गेली हो? मी काल जावयाला दाखवायला म्हणून उघडली, तर तिथे गाद्या. जावई म्हणतो, तुमच्या रफूताईंनी धंदा बदललेला दिसतो."

रफूताईने कोट घेतला, चिठ्ठी टाचली, काय तारीख सांगितली ती तिलाही आठवेना. मास्तर गेले. डब्यात बटण टाकल्याचा आवाज झाला. मग आणखी एकाचा.

"कधीपासून?" आईने विचारलं.

"महिना होऊन गेला."

"वाटलंच."

"कशावरून?"

"पूर्वी चालू आहे म्हणताना तू कपड्याकडे बघायचीस. महिनाभर माझ्याकडे बघून म्हणतेस." आईने एक निळं बटण हिरव्यांतून काढलं. "खोटं बोलायला बापावर गेलीस, पण तोंड माझं घेतलंस. लपत नाही."

मग रफूताईने सगळं सांगितलं. कार्ड, मशीन, निरोपाची खिडकी, सुटलेली नावं पकडणारे लोक. मशीनचं सांगताना ती अडखळली, पण आता काही वगळायचं नाही असं तिने ठरवलं होतं. आई ऐकत राहिली. ऐकता ऐकता तिने सगळी निळी बटणं एका वाटीत भरली, आणि मग कुठल्या रंगाला हात घालावा हे तिला सुचेना.

"म्हणजे ते आपोआप व्हायचं," ती म्हणाली.

"नक्की माहीत नाही."

"होत असेल आपोआप. त्याला लहानपणापासून आवड. पंखा आपोआप बंद व्हावा म्हणून घड्याळ लावलं होतं त्याने." ती उठली. "गुडघ्याचं लिहिलं नाहीस ते बरं केलंस."

*

दुसऱ्या सकाळी आईने कप ठेवला आणि काही विचारलं नाही. त्याच्या दुसऱ्या सकाळीही नाही. चार-पाच दिवस असे गेले. मग ती एकदा जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी राहूनच म्हणाली, "घे. आपल्या नावावर घे."

"आई, पण मग..."

"मला कळतं मग काय ते. मी अडाणी आहे, बहिरी नाही. लोक त्या नावाने येतात. मास्तरांचा जावई हसला तेवढं पुरे. त्याला ठेवायचं असतं तर एवढ्यात ठेवलं असतं."

"अजून मुदत आहे थोडी."

"तो बरा असेल तर नाव त्याच्याकडे असलं काय नि आपल्याकडे असलं काय. आणि बरा नसेल तर..." आईने हातातल्या डब्याचं झाकण घट्ट लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. "जा. जेवून जा."

*

झेरॉक्सवालीकडे दुपारी गर्दी नसते. तिने खुर्ची पुढे ओढली, बोटं मोडली, "आली एकदाची अक्कल," म्हणाली आणि नाव टाइप केलं.

मग थांबली. पुन्हा टाइप केलं.

"काय झालं?"

"आगाऊ नोंदणी घेत नाही."

रफूताई पडद्यावर वाकली. "कुणी पकडलं?"

"बोलू नकोस, वाचू दे." झेरॉक्सवालीने पडद्याला नाक लावलं. "नाही. दुसऱ्याने पकडलं असतं तर ही नोंदणीची तारीख नवी दिसली असती. ही बघ, जुनीच आहे. तुम्ही दोघांनी पहिल्यांदा घेतलंत ती. मालक तोच आहे. त्याने काल परत घेतलंय."

"आपोआप?"

"आपोआप कसं होईल? दंडाचा महिना आहे हा. यात मशीन बोटही लावत नाही. बसावं लागतं, आत शिरावं लागतं, नवं कार्ड घालावं लागतं, दंड भरावा लागतो." तिने खुर्ची वळवली. रफूताईकडे बघून तिचा झापण्याचा आवाज कुठेतरी गेला. "हाताने केलंय गं. त्याने स्वतः."

पान उघडलं. वरती उसवलंय, खाली तिचीच शेवटची नोंद, कुत्र्याने फाडलेल्या खिशाची. गाद्या गेल्या होत्या.

रफूताई हसायला लागली, आणि हसता हसता तिने झेरॉक्सवालीच्या यंत्रावरची धूळ ओढणीने पुसून काढली, जणू ते यंत्रच मुदत वाढवून आलं होतं.

"आणि हे बघ," झेरॉक्सवाली म्हणाली. "मुदत. दहा वर्षं. एकदम दहा. याच्याहून जास्त देतच नाहीत. तुझ्या भावाने पुढची दहा वर्षं तुझी काळजी मिटवली."

*

रस्ता ओलांडताना ती मध्येच उभी राहिली. सायकलवाला घंटी वाजवत वळसा घालून गेला आणि काहीतरी बोलला.

दहा वर्षं त्याला आता काही करायचं नाही.

पुढच्या थंडीत नाही. त्याच्या पुढच्या नाही. नाव चालू राहील, आणि ते चालू आहे एवढ्यावरून काहीच कळणार नाही. तो कुठे आहे, कसा आहे, त्याला आठवण आहे की नाही. कालचा दिवस होता, त्याने बसून दहा वर्षांचं एकदम उरकलं, आणि झालं. दहा वर्षांनी मुदत संपेल तेव्हा जिन्यातून कप घेऊन कोण खाली येणार होतं?

दारापर्यंत पोचेस्तो तिच्या लक्षात आलं की आपल्याला ही बातमी आनंदाची म्हणून सांगायची आहे.

*

"चालू आहे," ती म्हणाली. "त्यानेच केलं. काल. हाताने."

आई पलंगाच्या कडेवर बसली. तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि ते बघत राहिली.

"हाताने म्हणजे?"

"म्हणजे बसून. स्वतः."

"बरा आहे."

"बरा आहे, आई."

आईने चादरीची सुरकुती हाताने सारखी केली. मग आई लाजल्यासारखी म्हणाली, "पुढच्या वर्षी पण हातानेच करेल की परत मशीनला लावेल?"

इथे रफूताईला गप्प बसता आलं असतं. पण आपलं तोंड आपल्याला साथ देत नाही, हे तिला नुकतंच कळलं होतं.

"पुढच्या वर्षी नाही करायचं त्याला. दहा वर्षांचं एकदम केलंय."

"दहा."

"हो."

आईने हिशोब केला. तो चेहऱ्यावर दिसला. मग ती म्हणाली, "सुट्टीचा अभ्यास पण पहिल्याच दिवशी संपवून मोकळा व्हायचा. मग सबंध सुट्टीभर पुस्तकाला हात नाही." आणि तोंड वळवून म्हणाली, "चहा टाक."

साखर नेहमीएवढीच पडली.

*

त्यानंतर आईने तो प्रश्न विचारलाच नाही. रफूताईला आधी बरं वाटलं, मग चुकल्यासारखं व्हायला लागलं. कप ठेवल्याचा आवाज झाला की ती वाट बघायची, आणि पुढे काहीच यायचं नाही. एकदा ती न विचारताच म्हणाली, "चालू आहे."

"असणारच," आई म्हणाली.

लोकांचे कपडे येत राहिले. ब्लॉगवर तिने एके सकाळी एक नोंद लिहायला घेतली आणि तीन ओळींवर सोडून दिली.

*एका कोटाची बाही. मालक म्हणतात सिगारेट त्यांची नव्हती. जळलेल्या कापडाचं वाईट असं असतं की कडेचे धागे दिसायला शाबूत असतात, ओढले की*

मास्तरांचा कोट त्याच दिवशी संध्याकाळी द्यायचा होता. दुपारी आई खाली येऊन बटणांपाशी बसली. निळी कधीची लावून झाली होती. तिने पांढरी घेतली.

"ती पोरगी आता केवढी झाली असेल गं?"

रफूताईची सुई कापडातच राहिली. कोणती, हे विचारायची गरज नव्हती. पण तिला ऐकायचं होतं.

"कोणती?"

"कोणती काय. त्याची."

त्याची म्हणाली. त्या बाईची नाही म्हणाली.

"बाराएक वर्षांची असेल."

"बारा." आईने एक बटण बोटात फिरवलं. "त्या वयात कोपरं फार फाटतात. तुझी फाटायची."

"विचारू का?"

"कुणाला?"

"धाकट्याला. आहे ना ती खिडकी."

"तो कुठे उत्तर देतोय. एवढं लिहिलंस, त्याने एक अक्षर पाठवलं का?"

"मी लिहिलं होतं साइट बंद आहे," रफूताई म्हणाली, आणि बोलता बोलताच तिला ते दिसलं. "आई, मी लिहिलं साइट बंद आहे. त्याने साइट चालू केली. पुन्हा बंद पडू नये म्हणून दहा वर्षं केली. जेवढं सांगितलं तेवढं केलं त्याने."

"आणि मी विचारते म्हणून लिहिलंस ते?"

"तो प्रश्न कुठे होता? त्यात त्याला करायला काय होतं?"

बाहेरून कुणीतरी काचेवरचं नाव वाचत वाचत गेलं. मग आईने बटणांचा डबा मांडीवरून खाली ठेवला, झाकण लावलं आणि पाठ सरळ केली, फोटो काढून घ्यायचा असल्यासारखी.

"लिही," ती म्हणाली.

रफूताईने कोट बाजूला सारला आणि लॅपटॉप ओढला.

"लिही. आई म्हणाली होती दारात पाऊल टाकायचं नाही. ते तिने मागे घेतलंय." ती थांबली. "लिहिलंस?"

"असंच लिहू? जरा..."

"असंच. तू गोड करायला जाऊ नकोस. तुझं गोड त्याला कळणार नाही." आईला धाप लागली होती, जिना चढल्यासारखी. "पुढे. तिघांनी यायचं. तिघांनी असं लिही, नाहीतर एकटाच येऊन उभा राहील. आणि पोरीच्या स्वेटरची कोपरं फाटली असतील तर ती घेऊन यायची. टाकून द्यायची नाहीत."

"कधी यायचं?"

"म्हणजे?"

"तारीख नाही घातली तर तो..."

"हो," आई म्हणाली. "ते खरं." आणि तिने कॅलेंडर नसलेल्या भिंतीकडे बघून विचार केला. "पुढचा रविवार लिही. दुपारी. जेवायच्या आत."

रफूताईने लिहिलं, आईला वाचून दाखवलं. आईने एक शब्द बदलायला लावला आणि मग पहिलाच बरा म्हणाली. निरोप गेला. मालक उत्तर देण्यास बांधील नाहीत, असं पडद्याने पुन्हा सांगितलं. ते रफूताईने वाचून दाखवलं नाही.

मास्तर पाच वाजता येणार होते. तिने दिवा खाली ओढला आणि बाही पुन्हा भिंगाखाली घेतली. रविवार अजून चांगला आठवडाभर लांब होता. पण आई त्या दिवशी वर गेली नाही. रस्ता दिसतो त्या खुर्चीत सरकून बसली, आणि कुणी मूल चालताना दिसलं की त्याच्या कोपराकडे बघत राहिली.